घाटाआधीचं गणित

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा मानाचा किताब. खोपोली सुटली की बोरघाट सुरू, आणि तिथे ज्याचा त्याचा दम! पण घाटाच्या पायथ्याशी तुम्हाला ताज्या पायांनी पोचवतो तो संघच.

कारण हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. पुढच्याच्या चाकामागे दीड-दोन फुटांवर राहिलात तर साधारण एक तृतीयांश मेहनत वाचते. म्हणून आमच्या क्लबचे सहाजण रविवारी पहाटे एका ओळीत निघतात. पुढचा मिनिटभर ओढतो, हलकेच कोपर झटकतो, बाजूला होऊन शेपटाला जातो. त्या क्षणी दुसऱ्याच्या छातीवर वारा असा आदळतो की गिअर बदलावासा वाटतो.

नवा गडी इथेच चुकतो. पुढे आल्यावर जोशात वेग वाढवतो आणि ओळ तुटते. वेग तोच ठेवायचा, बाबांनो! आणि आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी कधीच घुसवू नका. घासलं तर बहुतेकदा मागचाच आपटतो. नजर त्याच्या खांद्यावरून रस्त्यावर. खड्डा दिसला की बोट खाली आणि मोठ्याने हाक.

चढावर वेग पडतो, आडोशाचा फायदा जवळपास संपतो, उरतं वजन आणि ताकद. बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापर्यंत पाय न टेकता पहिल्यांदा पोचलो तेव्हा माझे हात थरथरत होते.

नव्यांना आम्ही आधी कात्रजच्या जुन्या घाटात नेतो. हेल्मेट, दोन बाटल्या पाणी, जादा ट्यूब आणि पंप घेऊन या.