पैसे कापले, तिकीट नाही! संकेतस्थळाच्या पडद्यामागे काय घडते?

- प्रतिनिधी

नाटकाचे तिकीट काढताना ‘पैसे भरा’ हे बटण दाबले, पडद्यावरचे चक्र फिरत राहिले, बँकेचा लघुसंदेश आला आणि तिकिटाचा मात्र पत्ता नाही, हा अनुभव शहरी ग्राहकाला आता नवा राहिलेला नाही. अशा वेळी दोष बहुधा ‘नेटवर्क’च्या माथी मारला जातो. वास्तविक नेटवर्क अधूनमधून तुटणार, हे गृहीतच धरायचे असते. ते तुटल्यावर ग्राहकाच्या पैशांचे काय व्हायचे, हे सर्व्हरवरील आज्ञावलीत ठरते.

ब्राउझर किंवा मोबाइलमधील ॲप स्वतः फारसे काही ठरवत नाही. ‘एचटीटीपी’ या नियमसंहितेनुसार ते सर्व्हरकडे विनंती पाठवते आणि उत्तराची वाट पाहते. सर्व्हरवरील ज्या पत्त्यावर अशी विनंती स्वीकारली जाते, त्याला संगणक अभियंते ‘एण्डपॉइंट’ म्हणतात. सरकारी कचेरीतल्या खिडक्या डोळ्यांसमोर आणाव्यात. एक खिडकी प्रयोगांची यादी देणारी, दुसरी रिकाम्या खुर्च्या सांगणारी, तिसरी आरक्षण करणारी. फरक एवढाच, की येथे खिडकीपुढे उभा असलेला माणूस दिसत नाही. फक्त कागद आत येतो. त्या कागदावर कितपत विश्वास ठेवायचा, हाच सगळ्या कामाचा गाभा आहे.

विनंतीचे प्रकारही ठरलेले आहेत. ‘गेट’ म्हणजे केवळ माहिती द्या. ‘पोस्ट’ म्हणजे काही तरी नवे करा. ‘डिलिट’ म्हणजे काढून टाका. ‘गेट’ने सर्व्हरवरील माहितीत बदल होता कामा नये, असे जून १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीच्या मसुद्यातच म्हटले होते. अनेकांनी तिकडे काणाडोळा केला. मे २००५ मध्ये गुगलने ‘वेब ॲक्सिलरेटर’ नावाचे साधन आणले. वाचक पान पाहत असतानाच त्यावरील दुवे आगाऊ उघडून ठेवायचे, म्हणजे पुढचे पान लवकर दिसेल, ही त्यामागची साधी कल्पना. परंतु ‘बेसकॅम्प’सारख्या संकेतस्थळांवर नोंद पुसण्याचे काम साध्या दुव्यावर, म्हणजे ‘गेट’वर, सोपवलेले होते. साधनाने इमानेइतबारे ते दुवेही उघडले आणि वापरकर्त्यांच्या नोंदी नाहीशा झाल्या. गुगलवर टीकेची झोड उठली. पण नियम कोणी मोडला होता, हेही पाहायला हवे.

आता पुन्हा आपल्या तिकिटाकडे वळू. ग्राहकाने बटण दाबले, सर्व्हरने काम केले, पण उत्तर वाटेतच हरवले. ग्राहक साहजिकच पुन्हा बटण दाबतो. सर्व्हरच्या दृष्टीने ही दुसरी, स्वतंत्र विनंती असते. मग पैसे दोनदा कापले जाणार नाहीत तर काय होईल? यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे. आरक्षण सुरू होतानाच त्याला एक अनन्य क्रमांक द्यायचा व प्रत्येक प्रयत्नासोबत तोच पाठवायचा. तोच क्रमांक पुन्हा आला, की सर्व्हरने नवे काम न करता आधीचेच उत्तर परत द्यायचे.

मात्र, येथेही एक मेख आहे. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या, तर ‘हा क्रमांक आधी आला आहे का’ या प्रश्नाला दोघींनाही ‘नाही’ असेच उत्तर मिळू शकते आणि दोन्ही पुढे सरकतात. एकच खुर्ची दोन प्रेक्षकांना विकली जाते, तीही अशीच. म्हणून आधी पाहायचे आणि मग लिहायचे, ही पद्धत पुरत नाही. एका क्रमांकाची, किंवा एका प्रयोगातल्या एका खुर्चीची, दुसरी नोंद होऊच शकणार नाही, असे बंधन थेट विदागारावर घालावे लागते. ही चूक चाचणीत सहसा दिसत नाही. ती दिसते लोकप्रिय नाटकाची तिकीटविक्री सुरू होते त्या पहिल्या मिनिटाला.

तिकिटाची रक्कमही ब्राउझरकडून आलेली मान्य करायची नसते. पाठवलेला आकडा बदलणे जाणकाराला अवघड नाही; सर्व्हरने दर स्वतःच्या नोंदीतून काढला पाहिजे. पैसे मिळाल्याचा निरोपही ग्राहकाच्या पडद्यावर विसंबून चालत नाही, कारण तो मध्येच बंद होऊ शकतो. त्यासाठी पैसे गोळा करणारी सेवा वेगळ्या एण्डपॉइंटवर थेट निरोप पाठवते. तो खरोखर तिच्याकडूनच आला आहे ना, हे सांकेतिक सही पडताळून पाहावे लागते. निरोप दोनदा येण्याचीही तयारी ठेवावी लागते.

सर्वांत महागडी चूक मात्र याहून साधी असते. तिकीट क्रमांक मागितला आणि तिकीट दाखवले, पण मागणारा त्याचा मालक आहे का, हे विचारलेच नाही! अमेरिकेतील ‘फर्स्ट अमेरिकन’ या मालमत्ता-हक्क विमा कंपनीच्या संकेतस्थळावर मे २०१९ मध्ये नेमके हेच उघडकीस आले. दुव्यातील क्रमांकाचे अंक बदलले, की दुसऱ्याचा दस्तऐवज समोर येत होता. बँक खात्यांचे तपशील, कर्जाची व कराची कागदपत्रे अशा सुमारे ८८ कोटी ५० लाख फायली लॉगिनशिवाय पाहता येत होत्या. कुलूप फोडावे लागले नाही; दाराला कुलूपच नव्हते. लॉगिन असणे आणि त्या विशिष्ट कागदावर हक्क असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यामुळे दुसरी तपासणी प्रत्येक एण्डपॉइंटवर स्वतंत्रपणे करावी लागते.

ग्राहकाच्या हाती काय उरते? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने याबाबत मुदती ठरवून दिल्या. ऑनलाइन खरेदीत कार्डावरून किंवा यूपीआयद्वारे रक्कम कापली गेली, पण विक्रेत्याच्या यंत्रणेला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ती आपोआप परत झाली पाहिजे. त्यापुढे विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. पुष्टी पोहोचूनही तिकीट निघाले नसेल, तर दाद प्रथम त्या संकेतस्थळाकडेच मागावी लागते आणि त्यासाठी बँकेच्या संदेशातला व्यवहार क्रमांक जपून ठेवणे आवश्यक असते.