शेवग्याच्या पाल्याची पूड: चमचाभर, पण रोज
अनेक घटकांच्या महागड्या हिरव्या पुडींपेक्षा शेवग्याच्या पाल्याची साधी पूड मला जास्त पटते, कारण आपण नेमके काय खातोय ते कळते. ताज्या पाल्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते. ते उडाले की कॅल्शियम, लोह, प्रथिने थोडक्या जागेत एकवटतात. (क जीवनसत्त्व मात्र वाळवताना बरेचसे जाते.) चमचाभर पुडीने काय होणार, हा आक्षेप रास्त आहे. जाहिरातीत आकडे १०० ग्रॅमचे असतात आणि चमच्यात मावतात जेमतेम ३ ग्रॅम! म्हणून पालेभाजीच्या वाटीची जागा ती घेणार नाही. पण पिठल्यात, आमटीत, थालीपिठाच्या पिठात ती सहज मिसळते आणि भाजी निवडायला वेळ नसलेल्या दिवशीही थोडे हिरवे पोटात जाते.

वर लिंबू जरूर पिळा, वनस्पतीतले लोह त्याने चांगले शोषले जाते. चहाने ते शोषण कमी होते, म्हणून तो जेवणानंतर तासाभराने घ्या. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन हे औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण हिरव्या पानांतले के जीवनसत्त्व त्या औषधाचा परिणाम कमी करते. आणि डब्यावर नुसते ‘मिश्रण’ लिहून प्रत्येक घटकाचे प्रमाण दिले नसेल, तर तो घेऊ नका.