लसूण उन्हाळ्याच्या आत

नांदेडला आमच्या घरामागे एक बाज मावेल एवढीच मोकळी जागा आहे. तिथं मी दोन वर्षं लसूण लावला आणि दोन्ही वर्षं घालवला. पहिल्या वर्षी माया जास्त झाली. रोज बादलीभर पाणी घालायचो. काळ्या चिकण मातीत ते निथरेना, पाकळ्या जागीच सडल्या. दुसऱ्या वर्षी लावायला जानेवारी उजाडला. पात जोमात आली, पण गड्डे सुपारीएवढे. लातूरहून आलेली आपा म्हणाली, "अरे, लसणाला पाणी बेताचं आणि थंडी भरपूर लागते. तू दोन्ही उलटं केलंस."

पाण्याचा हिशेब लातूरकरांना शिकवावा लागत नाही. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा टाक्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. त्या उन्हाळ्यात आपाच्या कुंड्यांतली फुलझाडं एकेक करून वाळली. लसणाची जुडी मात्र स्वयंपाकघरात टांगलेली होती. तो मार्चमध्येच निघाला होता. आपल्याकडच्या परसबागेत लसूण लावायचा तो यासाठी. पाण्याची ओढ सुरू होण्याआधी तो आपलं काम उरकतो.

लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. काळी माती असेल तर तिच्यात वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून वाफा थोडा उंच करावा. ताजं शेण घालू नये. गड्डा फोडून बाहेरच्या ठसठशीत पाकळ्या बियाण्याला घ्याव्यात, आतल्या बारीक फोडणीला. साल न काढता, टोक वर ठेवून, चार चार बोटांवर पाकळी खोचावी आणि वर बोटभर माती ओढावी. बियाणं विकत घ्यायचं तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा एक वाण आहे, त्याचं नावच 'गोदावरी'. नांदेडकरांना तो परका वाटू नये!

पाणी वरची माती सुकल्यावरच द्यावं. डाळ-तांदूळ धुतलेलं चालतं, साबणाचं नको. पानांवर चंदेरी चट्टे दिसले तर फुलकिडे आले समजावं. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावी. गड्ड्यासाठी ठेवलेल्या रोपांची पात खुडू नये. पातीसाठी वेगळी कुंडी लावावी. साधारण चार महिन्यांनी पात पिवळी पडून माना टाकू लागली की पाणी तोडावं आणि पंधरवड्यानं लसूण उपटावा. पातीसकट सावलीत वाळवून जुड्या बांधाव्यात. त्यातले चार चांगले गड्डे पुढच्या दिवाळीसाठी बाजूला काढावेत. 2024 साली बाजारात लसूण चारशे रुपये किलोवर गेला, तेव्हा या चार गड्ड्यांची किंमत कळली.

हल्ली बागेच्या हौशी मंडळींत 'सोसायटी गार्लिक'चं नाव ऐकू येतं. तो आपला लसूण नव्हे, त्याच्या कुळातला दक्षिण आफ्रिकेचा पाहुणा. जांभळी, चांदणीसारखी फुलं येतात, पात खाता येते, गड्डा मात्र मिळत नाही. कंद वेगळे करून लावले की पसरतो. खाल्ल्यावर तोंडाला वास राहत नाही, चारचौघांत बसता येतं, म्हणून हे नाव, असं सांगतात. पान चुरगळलं तर वास येतोच. झाड बहुवर्षायू आहे. म्हणजे त्याला एप्रिल-मेमध्येही थोडं पाणी राखून ठेवावं लागणार. घरात तेवढं असेल तर जरूर लावा.

वासाचं कोडं जुनंच आहे. कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नये, असं हदीस सांगते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून. आमच्या गल्लीत चातुर्मास पाळणारी घरं कांदेनवमीला मनसोक्त खाऊन मग कांदा-लसूण सोडतात. गंमत अशी, की अखंड पाकळीला वास जवळजवळ नसतोच. ती ठेचली की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि वास तयार होतो. किडीनं चावा घेतला तर तिला पळवण्यासाठी झाडानं केलेली ही सोय आहे.

तिसऱ्या वर्षी मी आपाचं ऐकलं. मार्चमध्ये टोपलीभर लसूण निघाला. पहिली जुडी लातूरच्या एस.टी.नं आपाकडे गेली. तिचा फोन आला, "खायला घेऊ, की बियाण्याला ठेवू?" मी म्हटलं, "निम्मा निम्मा."