‘मोडेन, पण वाकणार नाही’ : कार्बन रिमचा टिकाऊपणा आणि तिचे मोल

डोंगरउतारावरून सायकल वेगाने खाली येत असते. वाटेत जांभ्या दगडाची धारदार कड वर आलेली असते. पुढचे चाक ती ओलांडते; मागचे मात्र अंगावर सारा भार घेऊन तिच्यावर आदळते. टायर दबून सपाट होतो आणि दगड थेट रिमवर बसतो. त्या क्षणी होणारा आवाज डोंगरवाटांवर सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. स्वार थांबतो, चाक फिरवून पाहतो. रिम ॲल्युमिनिअमची असेल तर पोचा आला आहे का, हे तो पाहतो; कार्बनची असेल तर चीर गेली आहे का, हे शोधतो. या दोन शोधांमधला फरक हाच कार्बन रिमच्या साऱ्या वादाचा गाभा आहे.

माउंटन बाइकसाठी कार्बन रिम घ्यावी की नाही, हा प्रश्न वरवर श्रीमंतीचा वाटतो. प्रत्यक्षात तो पदार्थाच्या स्वभावाचा, वापराच्या पद्धतीचा आणि विक्रीनंतर मिळणाऱ्या सेवेचा आहे. या तिन्हींचा हिशेब मांडल्याशिवाय ‘महाग म्हणजे मजबूत’ आणि ‘कार्बन म्हणजे काच’ ही दोन्ही मते सारखीच अपुरी ठरतात.

दोन पदार्थ, दोन स्वभाव

ॲल्युमिनिअमची रिम घडवण्याची रीत तुलनेने सोपी. धातूची पोकळ पट्टी साच्यातून ओढून काढायची, तिला गोलाकार वळण द्यायचे आणि दोन टोके खिळीने किंवा वितळजोडाने एकत्र करायची. त्यामुळे सबंध परिघावर तिची जाडी जवळपास सारखी असते. कार्बन रिमचे तसे नाही. कार्बनचा एक तंतू साधारण ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारे दहाव्या भागाइतका. अशा हजारो तंतूंचे, राळेत भिजवलेले तक्ते ठरावीक आकारांत कापले जातात. कुशल कामगार ते हातांनी, ठरवून दिलेल्या कोनांत, साच्यात एकावर एक बसवतात. मग उष्णता आणि दाब देऊन राळ पक्की केली जाते. जिथे स्पोक ओढ देतात तिथे थर वाढवता येतात, जिथे गरज नाही तिथे कमी करता येतात. कारागिरीतली ही मोकळीक हेच कार्बनचे बलस्थान. आणि हाताने रचलेल्या थरांत एखादी सुरकुती किंवा हवेची पोकळी राहून जाणे, हे त्याचे मर्मस्थान.

कार्बनचा तंतू लांबीच्या दिशेने ताण सोसण्यात अजोड असतो. थर मात्र एकमेकांना केवळ राळेने चिकटलेले असतात. दगडाचा घाव रिमच्या काठावर टोकदारपणे बसला, तर थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि काठ चिरतो. ॲल्युमिनिअम अशा वेळी वाकून आघाताची ऊर्जा पोटात घेते. पोचा येतो, पण वाट सरत नाही. अनेक स्वार पाना लावून तो काठ पुन्हा सरळ करतात आणि हवा भरून घरी पोहोचतात. कार्बनचा बाणा मराठी म्हणीतल्यासारखा : मोडेन, पण वाकणार नाही.

याचा अर्थ कार्बन लवकर मोडते असा नव्हे. ज्या आघाताने हलक्या ॲल्युमिनिअमला ठळक पोचा येतो, तोच आघात चांगल्या बनावटीची कार्बन रिम ओरखडाही न उमटता सोसून जाऊ शकते. फरक मर्यादेपलीकडे गेल्यावर जाणवतो. ॲल्युमिनिअमचे नुकसान लवकर सुरू होते आणि हळूहळू वाढते. कार्बनचे उशिरा सुरू होते, पण एकदा झाले की रिम बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

वारंवार येणाऱ्या लहान ताणांचा मुद्दा वेगळा. ॲल्युमिनिअमला धातूचा थकवा येतो. वर्षानुवर्षांच्या हिंदकळण्याने स्पोकच्या छिद्रांभोवती बारीक भेगा पडू लागतात. कार्बनची संमिश्र रचना असा थकवा फार चांगला सोसते. शिवाय तिला कायमचा बाक येत नसल्याने चाक सरळ राहते. आपल्याकडे सायकल दुरुस्तीच्या दुकानात ज्याला ‘आऊट काढणे’ म्हणतात, ते काम नीट बांधलेल्या कार्बन चाकाच्या बाबतीत क्वचितच करावे लागते. रिमवर घासणाऱ्या जुन्या ब्रेकमुळे कार्बन तापून राळ मऊ होण्याची भीती असे. माउंटन बाइकवर आता डिस्क ब्रेक असल्याने ती उरलेली नाही.

वजनाचे गणित

कार्बन संमिश्राची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.६ ग्रॅम, तर ॲल्युमिनिअमची २.७ ग्रॅम. तरीही रिमच्या वजनातला फरक त्या प्रमाणात नसतो, कारण आघात सोसण्यासाठी कार्बनचे काठ जाड ठेवावे लागतात. २९ इंची चाकाच्या, सारख्याच वापरासाठी बनवलेल्या दोन रिममध्ये साधारण ५० ते १५० ग्रॅमचा फरक आढळतो.

दोन्ही चाके मिळून २०० ग्रॅम वाचले असे धरू. स्वार आणि सायकल मिळून वजन ९० किलो असेल, तर ही बचत ०.२२ टक्के होते. एकसारख्या गतीने तासभराचा खडा चढ चढताना त्यातून जेमतेम आठ सेकंद वाचतील. परिघावरचे वजन पुढेही सरकते आणि फिरतेही, म्हणून वेग वाढवताना ते जवळजवळ दुप्पट मोजले जाते. तेव्हा तेच २०० ग्रॅम ४०० ग्रॅमसारखे भासतात. तरीही अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीपेक्षा ही बचत कमीच. सेकंदांवर निकाल लागणाऱ्या शर्यतीत तिला अर्थ आहे, रविवारच्या सहलीत फारसा नाही. त्यातच रिम वाचवण्यासाठी टायरच्या आत फोमचे कडे बसवले, तर त्या प्रत्येकाचे वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि वाचवलेले सारे वजन परत येते.

ताठरपणा : गुण की दोष?

सुरुवातीच्या कार्बन रिमची जाहिरात ताठरपणाच्या नावाने होत असे. वळणावर चाक कमी लवते आणि हँडल फिरवताच सायकल वळते, हा अनुभव खरा होता. पण दगडधोंड्यांच्या उतारावर तेच चाक स्वाराला हादरे देते आणि दगडावरून बाजूला उसळते, अशी तक्रारही खरी होती. उत्पादकांनी ती मनावर घेतली. २०१९ मध्ये झिप या अमेरिकी कंपनीने ‘थ्री झिरो मोटो’ ही एकेरी भिंतीची रिम आणली. असमान जमिनीवर माणसाचा घोटा वळतो, तशी ती टायरसह किंचित वळते. त्याच वर्षी क्रँकब्रदर्सने पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगवेगळ्या ताठरपणाच्या रिम बाजारात आणल्या : पुढची थोडी लवचीक, मागची अधिक ताठ. काठाची धार रुंद आणि बोथट करण्याकडेही कल वाढला. त्यामुळे टायर दगड आणि रिम यांच्यात सापडून चिरण्याची शक्यता कमी होते आणि काठही वाचतो. थोडक्यात, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कार्बन रिमवरून आजच्या रिमची परीक्षा करणे न्यायाचे नाही.

किमतीत हमीचा वाटा

अमेरिकी बाजारात चांगली ॲल्युमिनिअम रिम साधारण १०० ते १५० डॉलरला मिळते. कार्बनची रिम चीनमधील शियामेन येथील कारखान्यांतून थेट मागवल्यास दोन-अडीचशे डॉलरपासून सुरू होते आणि नामांकित कंपन्यांकडे सात-आठशे डॉलर किंवा त्याहून वर जाते. भारतात त्यावर सीमाशुल्क, कर आणि वाहतूक यांची भर पडते.

या किमतीचे समर्थन करणारी एक महत्त्वाची घडामोड २०१७ मध्ये झाली. सांता क्रुझ या कॅलिफोर्नियातील कंपनीने ‘रिझर्व्ह’ या नावाने कार्बन चाके आणली आणि पहिल्या खरेदीदाराला ती आजन्म हमीसह दिली. सायकल चालवताना रिम मोडली, तर नवी मिळणार. कॅनडातील कॅमलूप्स येथे स्वतः रिम बनवणारी ‘वी आर वन’ यांसारख्या कंपन्याही आजन्म हमी देतात. यामुळे व्यवहाराचे स्वरूपच बदलले. कार्बन रिम घेणारा केवळ वस्तू घेत नाही. भविष्यातल्या मोडतोडीचा विमाही त्याच किमतीत उतरवून घेतो.

हा विमा कोणाला परवडतो? ॲल्युमिनिअमची रिम १२० डॉलरची आणि कार्बनची ५०० डॉलरची धरली, तर एका कार्बनच्या किमतीत चार ॲल्युमिनिअमच्या रिम येतात. दरवर्षी एक मागची रिम निकामी करणाऱ्या धसमुसळ्या स्वाराचा खर्च चार वर्षांत भरून निघतो. चाक पुन्हा बांधण्याची मजुरी आणि नवे स्पोक धरले तर त्याआधीच. ज्याची रिम पाच-सहा वर्षे टिकते, त्याचा तो खर्च व्यवहारापुरता तरी कधीच भरून निघत नाही. म्हणूनच उतारांच्या जागतिक शर्यतींतही सारे कार्बनच वापरतात असे नाही. अनेक स्पर्धक निदान मागच्या चाकाला ॲल्युमिनिअम पसंत करतात, कारण काठ वाकला तरी टायर जागेवर राहण्याची आणि अंतिम रेषा गाठण्याची शक्यता अधिक असते. खुद्द रिझर्व्हच्या यादीतही आता ॲल्युमिनिअमची चाके आहेत, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

गोव्याच्या संदर्भात

माउंटन बाइकिंग भारतात आता केवळ हिमालयापुरते उरलेले नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये या प्रकाराची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळमधील पोनमुडी येथे, म्हणजे पश्चिम घाटातच झाली. सत्तरी, सांगे किंवा धारबांदोड्याच्या परिसरातल्या वाटांचा विचार केला तर इथल्या स्वारापुढे दोन खास अडचणी उभ्या राहतात.

पहिली जांभा दगडाची. त्याचे कंगोरे नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत नसतात; टोकदार घाव बसण्याचा धोका इथे कायमचा. दुसरी अडचण खाऱ्या, दमट हवेची आणि चार महिन्यांच्या पावसाची. कार्बन विद्युतवाहक आहे. ओलावा आणि मीठ यांच्या साथीने ॲल्युमिनिअम त्याला टेकले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनिअम. कार्बन रिममध्ये वजन वाचवण्यासाठी बसवलेली ॲल्युमिनिअमची निपल किनारपट्टीवर अशीच कुजतात आणि एके दिवशी स्पोक सुटतो. दोष रिमवर येतो, कारण निपलमध्ये असते. पितळी निपल बसवली तर एका चाकामागे फार तर वीस-पंचवीस ग्रॅम वाढतात, पण चाकाचे आयुष्य कित्येक पटींनी वाढते. समुद्रकाठी राहणाऱ्याने ही एक अट दुकानदाराला खरेदीपूर्वीच घालावी.

सर्वांत मोठा प्रश्न हमीचा. आजन्म हमी कागदावर कितीही भरघोस असली, तरी कंपनीचा अधिकृत विक्रेता देशात नसेल तर मोडलेल्या रिमची छायाचित्रे पाठवणे, नवी रिम परदेशातून मागवणे, सीमाशुल्क भरणे आणि आठवडेच्या आठवडे सायकल भिंतीला टेकवून ठेवणे हे सारे खरेदीदाराच्या वाट्याला येते. ज्या हमीसाठी तिप्पट-चौपट पैसे मोजले, ती हाताशी नसेल तर कार्बनच्या मोलाचा निम्मा आधार निखळतो. म्हणून रिमचे वजन विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : हमी कोण पुरी करणार, वाहतुकीचा खर्च कोणाचा, आणि चाक पुन्हा बांधण्याची मजुरी कोण देणार?

घेतल्यावर काय सांभाळावे

कार्बन रिमचे आयुष्य सर्वाधिक अवलंबून असते ते टायरमधल्या हवेवर. पकड वाढावी म्हणून हवा फार कमी ठेवली की दगड रिमपर्यंत पोहोचतो. स्वाराचे वजन आणि टायरची रुंदी पाहून साधारण २० ते २५ पीएसआयच्या दरम्यान, आणि मागच्या चाकात दोन-तीन पीएसआय अधिक हवा ठेवणे बहुतेकांना मानवते. रिम कोणत्या वापरासाठी प्रमाणित आहे, हेही पाहावे. एएसटीएम या संस्थेच्या वर्गवारीत तिसरी श्रेणी क्रॉस-कंट्रीसाठी, चौथी त्याहून खडतर वाटांसाठी आणि पाचवी थेट उतार व उड्यांसाठी असते. तिसऱ्या श्रेणीची हलकी रिम घेऊन पाचव्या श्रेणीचे साहस केले, तर दोष पदार्थाला देता येणार नाही.

मोठा आघात झाल्यावर चाक पुसून काठ, स्पोकची छिद्रे आणि आतली बाजू उजेडात तपासावी. नाण्याने हलकेच ठोकत गेल्यास धडधाकट भाग टणत्कार देतो. थर सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. ट्यूबलेस टायरमधले द्रव्य रिमच्या अंगातून झिरपताना दिसले, तर ती चीर समजावी. उघडे पडलेले कार्बनचे तंतू बोटात रुततात, म्हणून तिथे उघड्या हाताने चाचपू नये. वापरलेली कार्बन चाके स्वस्तात मिळाली तरी ही तपासणी टाळू नये. आजन्म हमी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते.

आणखी एक हिशेब निसर्गाचा. मोडलेली ॲल्युमिनिअमची रिम भंगारवाला आनंदाने नेतो. धातू वितळून पुन्हा कामी येतो. नेहमीच्या कार्बन रिममधली राळ एकदा पक्की झाली की पुन्हा वितळत नाही. अमेरिकेतील युटा राज्यात नायलॉनसदृश, वितळू शकणाऱ्या राळेच्या रिम बनू लागल्या आहेत. त्यांतले तंतू तोडून दुसऱ्या वस्तूंसाठी वापरता येतात. मात्र असा पर्याय अजून मोजक्याच उत्पादकांकडे आहे.

एकंदरीत, स्पर्धेत उतरणारा, वर्षाकाठी रिम मोडणारा आणि हमीची सोय जवळ असणारा स्वार असेल, तर कार्बन रिम त्याचे पैसे वसूल करून देते. इतरांनी भक्कम ॲल्युमिनिअमची रिम, चांगले टायर आणि कुशल हातांनी बांधलेले चाक यांवर खर्च करावा. उरलेल्या पैशांत डोंगरांच्या चार सहली होतात. जांभ्याच्या कडेवर चाक आदळल्यानंतर घरी परतणे ज्याला महत्त्वाचे वाटते, त्याला वाकणारी रिमही पुष्कळ साथ देते.