पाहुणा सोंगाड्या : वीरकथेतील विनोदी अनायक

'विनोदी प्रतिनायक' हा शब्दप्रयोग अलीकडे सर्रास होतो. परंतु तो जपून वापरावा लागतो. धनंजयाच्या 'दशरूपका'त प्रतिनायक म्हणजे नायकाचा लोभी व उद्धत शत्रू, रामापुढे रावण. आपल्याला येथे अभिप्रेत असलेले पात्र नायकाचे शत्रू नव्हे आणि धड मित्रही नव्हे. वीराचे सामर्थ्य त्याच्यापाशी आहे, वीराचा धर्म नाही, आणि या उणिवेचे त्याला स्वतःलाच हसू येते. म्हणून प्रस्तुत लेखात त्याला 'अनायक' म्हटले आहे.

असा अनायक दुसऱ्याच्या कथेत पाहुणा म्हणून आला की काय घडते, याचे एक बोलके उदाहरण म्हणजे 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' (२०१२-२०१७) ही अमेरिकन अ‍ॅनिमेशन मालिका. तिच्या २०१३ मधील एका भागात डेडपूल अवतरतो. रॉब लायफेल्ड आणि फेबियन निसिएझा यांनी १९९१ मध्ये कॉमिकच्या पानांवर आणलेला हा भाडोत्री मारेकरी वाचकाशी थेट बोलतो, आपण एका गोष्टीतले पात्र आहोत हे तो जाणतो. गंमत अशी की, या मालिकेत स्पायडर-मॅनही प्रेक्षकांकडे वळून बोलतो. म्हणजे पाहुण्याने यजमानाचीच जागा बळकावली!

मालिका मुलांची, तेथे 'ठार मारणे' हा शब्द सहजी उच्चारला जात नाही. डेडपूल हे पथ्य पाळतो, पण कसे? तो 'अनअलाइव्ह' असे नवेच क्रियापद घडवतो. मराठीत 'अजिवंत करणे' म्हणावे लागेल. स्पायडर-मॅन कोणाचा जीव घेत नाही. पाहुण्याच्या बोलण्याचा खरा अर्थ कळताच त्याला धक्का बसतो. घराची भाषा पाहुण्याने पाळली, घराची नीती मात्र पाळली नाही. ज्या शब्दाने हिंसा झाकायची, त्याच शब्दाने ती उघडी पडते. माझ्या मते हा निव्वळ चुटका नाही. शिष्ट भाषा आणि शिष्ट आचार एकच असतात, हा आपला समज तो मोडतो. पुढे समाजमाध्यमांवर मृत्यूचा उल्लेख टाळण्यासाठी तरुण मंडळी हाच शब्द अगदी गंभीरपणे वापरू लागली, हा त्यावरचा आणखी एक विनोद.

धुळे-जळगावच्या जत्रांत तमाशा पाहिलेल्या वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. वगातला राजा प्रमाण मराठीत, भारदस्तपणे बोलतो; सोंगाड्या मध्येच अहिराणीत काहीतरी पुटपुटतो आणि राजाच्या दरबारात एकदम कापसाचा भाव येऊन पडतो. कथेचा काळ मोडतो, पण कथा मोडत नाही. गवळणीतला लंगडा, बोबडा पेंद्या तर साक्षात कृष्णालाही सोडत नाही. तथापि एक भेद दृष्टीआड करता येत नाही. सोंगाड्याच्या हाती केवळ जीभ असते. डेडपूलच्या हाती तलवारही आहे, आणि म्हणून त्याच्या विनोदाला भयाची किनार आहे. शिवाय सोंगाड्या घरचाच. तो उद्याच्या वगातही असणार. पाहुण्याला निघून जायचे असते, म्हणून त्याला परिणामांची फिकीर नसते.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या शेजारीच आहे. एकेकाळी खानदेश जिल्ह्यात मोडणाऱ्या मालेगावात नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' या विडंबनपटानंतर 'मालेगाव का सुपरमॅन' केला. त्याच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये केलेला माहितीपट बराच गाजला. येथे वीरकथेत विदूषक आलेला नाही. वीरच विदूषकांच्या गावी पाहुणा आला आहे, आणि गावाने त्याला आपल्यासारखे करून घेतले आहे. सुपरमॅन झालेले शफिक शेख हे यंत्रमागावरचे कामगार, अंगाने अत्यंत कृश. छातीवरचे ते जगप्रसिद्ध अक्षर त्या देहावर दिसताच हसू फुटते. डेडपूलपाशी बळ आहे, धर्म नाही. येथे धर्म आहे, बळ नाही. उड्डाणासाठी त्यांना आडवे बांधून चित्रित करावे लागले.

शफिक शेख २०११ मध्ये कर्करोगाने वारले. आज तो माहितीपट पाहताना प्रेक्षक त्याच जागी हसतो, पण हसू पूर्ण व्हायच्या आत त्याचे लक्ष त्या बरगड्यांकडे जाते.