मलसाठवण टाकी (नौका)

मलसाठवण टाकी म्हणजे छोट्या नौकेवरील शौचालयातील मैला किनाऱ्याजवळच्या पाण्यात न सोडता साठवून ठेवणारी बंद टाकी होय. ती डेकवरील तोंडातून धक्क्यावरच्या पंपाने उपसतात किंवा खुल्या समुद्रात नौकेवरील पंपाने रिकामी करतात. समुद्रात सोडणारी नळी जलरेषेच्या बरीच वर नेऊन खाली वळवतात आणि वळणाच्या माथ्यावर हवाझडप बसवतात. अन्यथा वक्रनलिकेच्या (सायफन) क्रियेने समुद्राचे पाणी उलट आत शिरून नौका बुडू शकते. नळी नौकेबाहेर पडते तेथे बंद करता येणारी झडप आवश्यक असते. टाकीची वायुनळी तुंबल्यास उपसताना टाकी आत चेपण्याचा धोका असतो. अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडण्यास मनाई असून, तेथे निचऱ्याचा मार्ग कुलूप लावून किंवा अन्य रीतीने पक्का बंद ठेवावा लागतो.