लॅपटॉपचा पुनरारंभ किती दिवसांनीं?

हल्लीं पुष्कळशा एकत्र कुटुंबांत एकच लॅपटॉप अनेकांच्या हातीं फिरत असतो. सकाळीं थोरले चिरंजीव त्यावर कचेरीचें काम करतात, दुपारीं सूनबाई बँकेचे हिशेब पाहतात, सायंकाळीं मुलांचा अभ्यास होतो, आणि रात्रीं जो शेवटीं उठेल तो झांकण मिटून मोकळा होतो. लॅपटॉप बंद केला असें घरांत सर्वच समजतात. वास्तविक तो निजलेला असतो.

यांत बिघडतें काय, असें वाचक विचारतील. संगणकावरील प्रत्येक प्रोग्रॅमनें काम करतांना यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतींत जागा मागून घ्यावी व काम संपतांच ती परत करावी, असा शिरस्ता आहे. परंतु कांहीं सदोष प्रोग्रॅम, उसनें नेलेलें पातेलें परत न करणाऱ्या शेजाऱ्याप्रमाणें, ती जागा अडवून ठेवतात व यंत्र मंद होत जातें. याहून महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांची. त्यांतील कित्येक यंत्रांत येऊन पडल्या तरी पुनरारंभ होईपर्यंत लागू होत नाहींत. आणि ज्या यंत्रावर बँकेचा व्यवहार चालतो त्याचें दार तोंवर उघडें राहतें.

आमच्या मतें आठवड्यांतून एकदां पुनरारंभ करावा, आणि दुरुस्ती आल्याची सूचना दिसल्यास त्याच दिवशीं. रोज केल्यानें अपाय नाहीं. मात्र दिवसांतून दोनदां करावा लागत असेल तर दोष अन्यत्र आहे असें समजून जाणत्यास दाखवावें.

"अधूनमधून करावा" असें मोघम सांगून भागत नाहीं. 1991 सालच्या आखाती युद्धांत सौदी अरेबियांतील धाहरान येथें अमेरिकन सैन्याची पेट्रिअट क्षेपणास्त्रयंत्रणा 100 तासांहून अधिक काळ अखंड चालू होती. तिच्या संगणकाच्या कालगणनेंत सेकंदाचा दहावा भाग तंतोतंत मांडतां येत नसे. ती सूक्ष्म चूक सांचतां सांचतां सुमारें एकतृतीयांश सेकंदाची झाली. 25 फेब्रुवारीस इराकचें स्कड आलें, तें यंत्रणेनें भलत्याच ठिकाणीं शोधलें, आणि 28 सैनिक प्राणांस मुकले. पुनरारंभ हें एकदीड मिनिटाचें काम होतें व त्यानें घड्याळ पुन्हां शून्यापासून चालूं लागलें असतें. फार वेळ यंत्रणा चालवूं नये, अशी सूचनाही अगोदर गेली होती. पण "फार वेळ" म्हणजे किती तास, हें तींत लिहिलेलें नव्हतें! सुधारलेला प्रोग्रॅम धाहरानला पोंचला तो 26 तारखेस.

आतां एक चमत्कारिक गोष्ट. 2012 साली निघालेल्या विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' नांवाची सोय आली. ती चालू असल्यास 'शट डाउन' केल्यावरही यंत्र आपल्या अंतर्भागाची स्थिति डिस्कवर टिपून ठेवतें व सकाळीं तीच पुन्हां उचलतें. म्हणजे आपण स्नान घातलें असें समजावें, आणि त्यानें नुसते कपडे बदललेले असावेत! खरा पुनरारंभ 'रीस्टार्ट'नेंच होतो. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबून 'टास्क मॅनेजर' उघडावा. तेथें 'परफॉर्मन्स'मध्यें 'सीपीयू'खालीं 'अप टाइम' म्हणून दिवस व तास दिसतात. आमच्या परिचयाच्या एका घरीं तो आंकडा 23 दिवस निघाला, आणि ती मंडळी तर रोज रात्रीं नेमानें 'शट डाउन' करीत असत.